दारामागे कोण होतं?

हडपसरच्या त्या शाळेचं नाव सांगत नाही. शाळा अजून चालू आहे, आणि पुण्यात माणसं असल्या गोष्टींवरून वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारापर्यंत जातात. एवढं सांगितलं तरी पुरे की शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, आणि तिसरी ‘ब’च्या एका खोलीत अडुसष्ट मुलं कोंबण्यात तिचा हात कुणी धरला नसता. त्या अडुसष्टांपुढे सत्यशीला खळदकर बाईंनी एकोणीस वर्षं आवाज लावला. भिंतीपलीकडे तिसरी ‘अ’चे पाढे, खिडकीबाहेर सोलापूर रस्त्यावरचे ट्रक, आणि या सगळ्यावर मात करून शेवटच्या बाकापर्यंत कविता पोचवायची. शेवटी एक दिवस घसा बसला तो उठेचना.

हे शहाण्णव साल. बाई बिबवेवाडीत राहायच्या. घराजवळच्या घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून आत डोकावून पाहिलं आणि खास पुणेरी धीर दिला. “स्वरतंतूंवर गाठी आहेत. गवयांना होतात आणि मास्तरांना होतात. गवयांना निदान टाळ्या तरी मिळतात. बोलणं कमी करा.” बाई नुसत्या हसल्या. बोलणं कमी करून तिसरी ‘ब’ कशी सांभाळायची, हे काही डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नव्हतं.

त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला. बुधवार पेठेत दादामियाँचं रेडिओ दुरुस्तीचं चिंचोळं दुकान होतं. तिथून त्यांनी दोन कॅसेट बसणारा एक जुना टेपरेकॉर्डर उचलला. “बाई, मशीन जपानी है,” दादामियाँ म्हणाले, “बस बेल्ट इथला टाकलाय. मशीन थकेल, बेल्ट थकणार नाही.” रविवारी दुपारी घर सामसूम असलं की बाई स्वयंपाकघराचं दार लावून घेत आणि गोष्ट रेकॉर्ड करत. दहा मिनिटांची गोष्ट. घसा दुखला की थांबायचं, गरम पाणी प्यायचं, पुढचं वाक्य. पोह्यांच्या रिकाम्या डब्यात साबुदाणा हलवला की पाऊस. रद्दी चुरगाळली की शेकोटी. उंटाच्या गोष्टीसाठी त्यांनी पावलांच्या आवाजाचा फार विचार केला आणि अखेर अंथरुणावरच्या उशीवर हळूहळू चापट्या मारल्या. उंट वाळूत चालतो तो अगदी तसाच चालतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी वाळूत चालणारा उंट कधी पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

वर्गात टेप लागायचा आणि मुलं बाकावर डोकं टेकून डोळे मिटायची. इथपर्यंत कुणीही करेल. बाईंची खरी करामत पुढे होती. त्यांच्या एकाही गोष्टीला शेवट नव्हता. उंट भाजी मंडईत हरवतो, आख्खं हडपसर पालथं घालतो, शेवटी एका बंद दारापाशी येतो, दारावर नाक घासतो, आतून कुणीतरी हळूच खोकतं, आणि कॅसेट संपते. मग बाई फळ्यावर लिहायच्या, ‘दारामागे कोण होतं?’ मुलं सांगत सुटायची. कुणाच्या दारामागे आजोबा, कुणाच्या दारामागे चोर, एकाच्या दारामागे तर मोठ्या बाईच छडी घेऊन. बाई प्रत्येक शेवट मुलाच्या नावासकट फळ्यावर लिहायच्या. बरोबर-चूक हा प्रकार गणिताच्या तासाला. गोष्टीच्या तासाला त्यांच्या तोंडून ‘चूक’ हा शब्द आठ वर्षांत एकदाही गेला नव्हता, आणि याचा त्यांना बऱ्यापैकी अभिमान होता. माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असू नये असं नाही, पण तो असला की वरचा तिथंच बोट ठेवतो.

दोन हजार चारच्या जूनमध्ये रुपाली वर्गात आली. यवतमाळकडची. हडपसरच्या पलीकडे शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथं तिचा बाप फरश्या बसवायचा आणि आई, मुक्ताई, घमेली वाहायची. ही राहायची बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत. पहिल्या दिवशी तिनं “मले पानी पायजे” म्हटलं आणि अख्खा वर्ग खिदळला. पुण्याच्या मुलांना शुद्ध बोलण्याचं बाळकडू मिळालेलं असतं आणि दुसऱ्याच्या बोलण्याला हसण्याचं त्याच वाटीतून. त्यानंतर रुपालीनं तहान लागली तरी पाणी मागितलं नाही. हजेरीला हात वर करायची, तोंडाला कुलूप.

ऑगस्टात उंटाची गोष्ट लागली. सगळ्यांचे शेवट सांगून झाले, घंटा व्हायला आली, आणि मागच्या बाकावरून आवाज आला.

“आत पोरगी हाये.”

कुणीतरी हसलं. बाईंनी खडू उचलून त्याच्याकडे रोखला. हसणं थांबलं. “मग? दार का नाही उघडत ती?”

“तिले उघडता येत नाई. कुलूप बाहेरून लावलं हाये. मायनं लावलं, कामावर जाताना.” मग बाकाकडे बघत, “उंट तिथंच बसते. ती आतून त्याच्यासंगं बोलते. सांजच्याला माय येते, मंग तिघं जेवतात.”

बाईंनी ते फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, ‘हाये’ला ‘आहे’ न करता. शाळेत घालायच्या आधी या पोरीला आईबाप रोज खोलीत कोंडून जात होते, दुसरं करणार काय बिचारे, हे त्यांना तेव्हा समजलं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “अगदी बरोबर.” त्या दिवसापासून रुपाली बोलू लागली. पुढच्या दोन महिन्यांत तिनं एका विहिरीला, एका दिव्याच्या खांबाला आणि एका आंधळ्या कोंबडीला असे शेवट दिले की बाई घरी जाऊन ते नवऱ्याला ऐकवायच्या. हसणारी मुलं आता तिचा नंबर कधी येतो याची वाट पाहायची. बाईंच्या सबंध नोकरीतलं हे सर्वांत सुखाचं सत्र, आणि त्या सुखाच्या पोटात सुरी आधीच शिरलेली होती.

कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाईंनी एक काम करून ठेवलं होतं. काचेच्या इमारतीतल्या एका कंपनीला शाळांसाठी काहीतरी भलं करायचं होतं. कंपनीचं नाव इंग्रजी, इतकं अवघड की शाळेच्या शिपायानं ते शेवटपर्यंत ‘ती गेटवाली कंपनी’ असंच ठेवलं. तिथली नीरजा नावाची मुलगी, वय अठ्ठावीस-तीस, शाळेत आली, तिनं बाईंचा टेप ऐकला आणि डोळे पुसले. “मॅडम, हे फक्त साठ-सत्तर मुलांनीच का ऐकायचं? आपण हे एकशेचाळीस शाळांत नेऊ. तुमच्याच आवाजात.”

एकशेचाळीस शाळा! ज्या बाईला मोठ्या बाईंनी सत्तावीस वर्षांत “फळा नीट पुसत जा” याच्या पलीकडे दाद दिली नव्हती, तिला असं कुणी म्हटल्यावर ती काय करील? डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, आता घशाला विश्रांती द्या. बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत हजर झाल्या. अकरा दिवस, रोज पाच तास, गार हवेच्या बंद खोलीत. परवानगीच्या कागदावर सही केली, वाचली नाही. गोष्टींना शेवट हवेत असं नीरजा म्हणाली तेव्हा बाई जरा अडखळल्या. “असू देत मॅडम, सीडी असते ना, अर्धवट वाटेल. तुम्ही वर्गात थांबवालच की.” बाईंना पटलं. कंपनीनं शेवटही लिहून तयार ठेवले होते. उंटाच्या दारामागे मालक निघाला. त्यानं उंटाला जवळ घेतलं आणि उंट सुखानं राहू लागला.

शेवटच्या दिवशी सुट्या शब्दांची यादी होती. एक ते शंभर आकडे, रंग, फळं. मग ‘शाब्बास’, पाच निरनिराळ्या सुरांत. मग ‘चुकलं, पुन्हा ऐक’. हे गणितासाठी असणार असं बाईंनी धरलं आणि ते वाक्य चांगलं ठसक्यात म्हटलं. काचेपलीकडच्या मुलानं अंगठा दाखवला. तो त्यांच्या धडधाकट आवाजाचा शेवटचा दिवस. पावसाळाभर त्या कशाबशा बोलल्या, दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. गाठी साध्या निघाल्या, जिवावरचं संकट टळलं. पण आवाज गेला. उरलं ते कोरडं कुजबुजणं, दुसऱ्या बाकापर्यंत पोचेल न पोचेल इतकं.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा वर्गात कोपऱ्यात कॉम्प्युटर, भिंतीवर पडदा आणि फळ्याच्या दोन्ही बाजूंना स्पीकर. बाईंच्या नव्हत्या झालेल्या आवाजाची जणू भरपाईच. त्यांनी बटण दाबलं आणि खोलीभर त्यांचाच आवाज घुमला, मेमधला, घसघशीत, शेवटच्या बाकावरच्या पोरालाही दचकवणारा. मुलं आनंदानं ओरडली. “बाई, तुम्ही!” बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गेलेलं माणूस दारात उभं दिसावं तसं त्यांना झालं.

पहिली गोष्ट उंटाची. पडद्यावर चित्रंही होती. उंट पिवळा, दार निळं. उशीवरच्या चापट्या काढून कंपनीनं तिथं टकटक आवाज घातला होता, घोड्याचा. दारापाशी बाईंनी गोष्ट थांबवायला हात पुढे केला, तोवर दार उघडून मालक बाहेर आलाही. पाठोपाठ पडद्यावर प्रश्न आला. दारामागे कोण होते? अ, उंटाची आई. ब, उंटाचा मालक. क, एक मुलगी.

रुपालीचा चेहरा उजळला. पोरीला वाटलं, बाईंनी तिची गोष्ट कॉम्प्युटरात घातली. ती धावतच पुढे आली आणि तिनं ‘क’ दाबला.

“चुकलं,” बाई म्हणाल्या. म्हणजे स्पीकर म्हणाला. “पुन्हा ऐक.”

रुपालीनं मागे वळून पाहिलं. बाई तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या, तोंड मिटून. त्या पुढे झाल्या, तिला जवळ ओढलं, कानात कुजबुजल्या, “तुझं चुकलेलं नाही. ते मशीन आहे.”

“मंग तुमी चुकलं कायले म्हनलं?”

“मी नाही ग. ते मी पूर्वी बोलले होते. उन्हाळ्यात.”

पोरीनं विचार केला. “पन आवाज तुमचाच हाये ना?”

“हो.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. रुपाली जागेवर गेली. त्या दिवसापासून पुन्हा हजेरीला हात वर, आणि तोंडाला कुलूप.

आता सत्यशीलाबाईंना जगात एकच गोष्ट हवी होती. ती पोर पुन्हा स्वतःचं बोलली पाहिजे. बाकी निवृत्ती, घसा, एकशेचाळीस शाळा, सगळं गेलं उडत.

दुसऱ्या दिवसापासून त्या गोष्ट शेवटाआधी थांबवू लागल्या. महिना झाला आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका मंदाकिनी रिसबूड यांनी, बोलावून घेतलं. टेबलावर एक तक्ता होता. कुठल्या वर्गात कुठली गोष्ट किती मिनिटं चालली, कितव्या मिनिटाला थांबली, किती मुलांची उत्तरं बरोबर आली, हे सगळं कॉम्प्युटर आपल्या पोटात लिहून ठेवतो आणि कंपनीचा माणूस दर महिन्याला ते घेऊन जातो, ही बातमी बाईंना तिथं कळली. तिसरी ‘ब’ची ओळ लालेलाल होती. प्रत्येक गोष्टीपुढे ‘अपूर्ण’.

“खळदकर बाई, गोष्ट तुमची, आवाज तुमचा, आणि एकशेचाळीस शाळांत ती अर्धवट राहते एकट्या तुमच्या वर्गात,” मोठ्या बाई म्हणाल्या. “स्वतःचाच कंटाळा आला का?”

बाई टेबलावर वाकून कुजबुजल्या, “मुलांना शेवट स्वतः सांगू द्यावा म्हणून...”

“सांगू देत की. मधल्या सुट्टीत.” मग त्यांचा स्वर जरा उतरला. त्या दुष्ट नव्हत्या, पट सांभाळून थकलेल्या होत्या. “हे बघा. दोन वर्षांत दोन तुकड्या बंद झाल्या. सगळे चालले इंग्रजी शाळेत. यंदा पहिलीला जी मुलं आली ती जूनमध्ये लावलेल्या ‘कॉम्प्युटर येणार’ या बोर्डावर भुलून आली. कंपनी मार्चमध्ये बघायला येणार, मग ठरवणार पुढे चालू ठेवायचं का. त्यांनी हात काढला तर आणखी एक तुकडी गेली समजा. अतिरिक्त कोण ठरेल? तुम्ही नाही. तुमची नोकरी जुनी. शेजारची नसीम ठरेल. तिला नोकरीला तीनच वर्षं झालीत.”

नसीम शेख, तिसरी ‘अ’च्या बाई. भिंतीपलीकडून आता पाढे येत ते तिच्याच वर्गाचे. बाईंचं दिवाळीत ऑपरेशन झालं तेव्हा रोज डबा घेऊन येणारी तीच. इकडे आड, तिकडे विहीर. बाई वर्गात आल्या आणि त्या दिवसापासून गोष्टी शेवटपर्यंत चालू लागल्या. दर गोष्टीनंतर तीन प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला कुणाला ना कुणाला त्यांचाच आवाज ठसक्यात सांगायचा, चुकलं.

तरी त्यांनी धडपड सोडली नाही. गोष्टीचा तास संपला की दहा मिनिटं उसनी घेऊन त्यांनी जुना टेपरेकॉर्डर लावला, मूळची उंटाची कॅसेट. मुलांनी शिस्तीत डोळे मिटले. खोकल्याचा आवाज आला, कॅसेट संपली. मुलं डोळे उघडून बघत राहिली.

“बाई, ही कॅसेट खराब आहे,” पहिल्या बाकावरचा शंभू म्हणाला. “हिच्यात शेवट नाहीये.”

त्यांनी कुजबुजत विचारलं, दारामागे कोण होतं? अडुसष्टांपैकी साठ मुलांनी एका सुरात सांगितलं, “मालक!” रुपाली बाकावरची रेघ नखानं कोरत होती.

जानेवारीत बाई स्वतः काचेच्या इमारतीत गेल्या. गेटवर पाऊण तास बसून, गळ्यात पाहुण्याची पट्टी अडकवून चौथ्या मजल्यावर. नीरजानं धावत येऊन त्यांना खुर्ची दिली, स्वतः चहा आणला. बाईंनी सगळं सांगितलं, मधूनमधून कागदावर लिहून. नीरजाचे डोळे पुन्हा भरून आले. तिचे डोळे भरायला वेळ लागत नसे, पण त्यात खोटं काही नव्हतं.

“मॅडम, ते वाक्य मी काढू नाही शकत. स्कोअरिंग त्याच्यावर आहे, आणि तो निर्णय वरच्या लोकांचा. पण एक करता येईल. चुकलं म्हटल्यावर पुढे एक वाक्य जोडू. ‘पण तुझी गोष्टही छान आहे, ती मला सांग.’ एवढं तर मी माझ्या पातळीवर करू शकते. एकशेचाळीस शाळांत जाईल. तुम्ही आत्ताच रेकॉर्ड करून द्या ना.”

इतकं सोपं! एक वाक्य. त्या जवळजवळ पळतच स्टुडिओत गेल्या. तीच गार खोली, काचेपलीकडे तोच मुलगा. त्यांनी तोंड उघडलं. “पण तुझी गोष्टही छान आहे, ती मला सांग.” काचेपलीकडचा मुलगा बटणं फिरवत राहिला. पुन्हा. घोटभर पाणी, पुन्हा. सतरा वेळा. घशात काचा टोचल्यासारखं झालं. शेवटी मुलानं दोन्ही वाक्यं जोडून ऐकवली. आधी घसघशीत आवाजात ‘चुकलं, पुन्हा ऐक’, आणि मागून कुणी तरी आजारी म्हातारी भिंतीआडून खरखरली.

“मॅच नाही होत मॅडम,” मुलगा हळूच म्हणाला. “मुलांना वाटेल दुसरंच कुणी बोलतंय.”

“दुसऱ्या कुणाचा आवाज घेऊ या का?” नीरजानं विचारलं आणि लगेच स्वतःच मान हलवली. वरच्यांची परवानगी सगळ्या सीडीला एकाच आवाजाची होती. तो आवाज सत्यशीला खळदकरांचा, आणि तो सत्यशीला खळदकरांकडे नव्हता. नीरजा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आली. बाईंनी तिचा हात थोपटला, पोरीचा काय दोष. पण रिक्षात बसल्यावर त्यांना असं रडू फुटलं की रिक्षावाल्यानं रिक्षा कडेला घेऊन विचारलं, “मावशी, कुणी गेलं का?” त्यांनी होकारार्थी मान हलवली. सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

फेब्रुवारीत मात्र एक आशा दिसली. गोष्ट चालू असताना रुपालीचे ओठ हलतात, हे बाईंच्या लक्षात आलं. आवाज नाही, नुसते ओठ. मधल्या सुट्टीत ती एकटीच जिन्यावर बसून काहीतरी पुटपुटायची, कुणी आलं की गप्प. पोर काहीतरी जुळवतेय, बाईंनी ताडलं. आतल्या आत गोष्ट शिजतेय. तिला टोकायचं नाही, घाई करायची नाही. त्या रोज तिच्या बाकाजवळून जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवायच्या. घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “बघाल तुम्ही, एक दिवस ती बोलणार.” नवरा म्हणाला, “बोलेल की. न बोलून जाते कुठे?”

मार्चमध्ये पाहुणे आले. कंपनीचे तिघे, नीरजा, आणि मागे फोटोवाला. वर्गाला फुलं, पडद्याला हार. मोठ्या बाई ठेवणीतल्या साडीत दारापाशी उभ्या होत्या. नसीम ‘अ’च्या मुलांना गप्प बसवून खिडकीतून डोकावत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी बटण दाबलं. उंटाची गोष्ट. मंडई, गल्ल्या, निळं दार. मालक बाहेर आला, गोष्ट संपली. पडद्यावर प्रश्न आला.

“कुणी तोंडी सांगेल का?” पाहुण्यांपैकी वडीलधारे गृहस्थ कौतुकानं म्हणाले. “नुसतं बटण नको. आपण ऐकू या.”

शंभूनं हात वर केला होता. पण मागच्या बाकावर आणखी एक हात वर झाला. बारीक, कोपराला खरचटलेला.

बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. चार महिन्यांनी! मोठ्या बाईंनी डोळ्यांनी शंभूकडे खूण केली. बाईंनी ती पाहिली आणि सरळ न पाहिल्यासारखं केलं. नसीम, तुकडी, कंपनी, त्या क्षणी त्यांना कशाचीच पर्वा राहिली नाही. सांगू दे पोरीला. पाहुण्यांसमोर, फोटोवाल्यासमोर सांगू दे, आत पोरगी हाये आणि कुलूप बाहेरून लावलं हाये. त्यांनी रुपालीकडे बोट केलं.

रुपाली उभी राहिली. हात मागे बांधले. डोळे मिटले.

“दारामागे उंटाचा मालक होता,” ती म्हणाली. “त्याने उंटाला जवळ घेतले. उंटाचे सगळे श्रम नाहीसे झाले, आणि तो तिथे सुखाने राहू लागला.”

‘मले’ नाही, ‘तुले’ नाही. प्रत्येक ‘ळ’ जिथल्या तिथे, प्रत्येक ‘ण’ खणखणीत. ‘सुखाने’च्या आधी बाई जेवढ्या थांबल्या होत्या तेवढीच ती थांबली. ‘जवळ’वर त्यांनी जसा आवाज मऊ केला होता तसाच तिनं केला. आठ वर्षांच्या त्या पोरीच्या तोंडून बाईंचा मे महिन्यातला आवाज, बारीक होऊन, जसाच्या तसा बाहेर आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी वाजवल्या. खिडकीत नसीमनं डोळे पुसले. “बांधकामावरची मुलगी आहे सर,” कुणीतरी सांगितलं, आणि वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “काय उच्चार आहेत! हेच तर आपल्याला हवं होतं.” फोटो निघाला.

रुपाली खाली बसली नाही. ती स्पीकरकडे बघत होती. बाईंच्या उशिरानं ध्यानात आलं, ती निकालासाठी थांबली होती. त्यांनी ‘ब’ दाबला.

“शाब्बास!” स्पीकर म्हणाला. पोर खुदकन हसली. जूनपासून इतकी मोकळी ती कधीच हसली नव्हती.

पाहुणे चहाला गेले. वर्गात कालवा सुरू झाला. सत्यशीलाबाई बाकांमधून वाट काढत मागे गेल्या आणि रुपालीच्या शेजारी दाटीवाटीनं बसल्या. तिच्या कानाशी तोंड नेऊन, होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून त्यांनी विचारलं, “आणि ती आतली पोरगी ग? कुलपातली?”

रुपालीनं त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तसा सूर तिनं लावला, बाईंचाच.

“आत मुलगी नव्हतीच, बाई. तेव्हा मला बोलता येत नव्हतं ना, म्हणून माझं चुकलं होतं.”